भारतातील घटस्फोट आणि मालमत्तेची विभागणी

घटस्फोटातील मालमत्ता विभागणी म्हणजे विवाह कायद्याने संपुष्टात येताना पती-पत्नींच्या ताब्यातील घर, जमीन, दागिने, ठेवी, कर्जे आणि निवृत्तीसाठी साठविलेली पुंजी यांवर कोणाचा किती हक्क राहतो हे ठरविण्याची प्रक्रिया होय. अनेक देशांत विवाहकाळात मिळविलेली मालमत्ता दोघांची मानून तिची वाटणी केली जाते. भारतात गोवा आणि दमण व दीव यांचा अपवाद वगळता अशी व्यवस्था नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता तो तिचा मालक, हे तत्त्व विवाहापूर्वी, विवाहकाळात आणि घटस्फोटानंतरही सारखेच लागू राहते. घटस्फोट झाला की पत्नीला पतीची निम्मी मालमत्ता मिळते हा समज समाजात बराच रूढ आहे. त्याला कायद्याचा आधार नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल जोडीदाराला कायदा मालमत्तेत वाटा देत नाही, तर पोटगी, निवास आणि स्त्रीधन या तीन मार्गांनी संरक्षण देतो.

मूलतत्त्व

भारतीय कायद्यात पती-पत्नींची मालमत्ता स्वतंत्र मानली जाते. विवाहामुळे एकाच्या मालमत्तेत दुसऱ्याचा हिस्सा निर्माण होत नाही. पतीने स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर घेतलेली सदनिका पतीचीच राहते, मग त्या वीस-पंचवीस वर्षांत घर, मुले आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण पत्नीने सांभाळलेले असो. उलट, पत्नीने आपल्या पगारातून आपल्या नावावर केलेल्या मुदत ठेवीवर पतीचा हक्क नसतो. हा नियम शब्दशः दोघांना समान आहे. मात्र अर्थार्जन आणि नोंदणी प्रामुख्याने पुरुषांच्या नावे होत असलेल्या समाजात त्याचा परिणाम समान होत नाही, आणि या विषयावरील बहुतेक वाद याच विसंगतीतून उद्भवतात.

वडिलोपार्जित मालमत्तेबाबत पत्नीची स्थिती आणखी दुबळी आहे. एकत्र हिंदू कुटुंबात पत्नी सहदायक नसते. पती आणि मुलगे यांच्यात प्रत्यक्ष वाटणी झाली तर मिताक्षरा परंपरेनुसार तिला हिस्सा मिळू शकतो, परंतु वाटणी मागण्याचा अधिकार तिला नाही. घटस्फोटानंतर ती त्या कुटुंबाची सदस्यच राहत नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर पतीचे किंवा सासऱ्याचे नाव असलेल्या शेतजमिनीत घटस्फोटितेला हिस्सा मिळत नाही. मुलांचे हक्क मात्र आईवडिलांच्या घटस्फोटाने बाधित होत नाहीत.

वैयक्तिक कायद्यांतील तरतुदी

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये मालमत्तेचा थेट उल्लेख कलम २७ मध्ये आहे. विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि पती-पत्नी दोघांच्या सामाईक मालकीच्या असू शकणाऱ्या वस्तूंबाबत न्यायालय हुकूमनाम्यात योग्य ती तरतूद करू शकते, एवढीच या कलमाची व्याप्ती आहे. बाळकृष्ण कदम विरुद्ध संगीता कदम (१९९७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्याप्ती थोडी विस्तारली: विवाहाशी संबंध जोडता येत असेल तर विवाहाच्या आधी किंवा नंतर मिळालेली सामाईक मालमत्ताही या कलमाखाली येते. तरीही एकाच जोडीदाराच्या मालकीचे घर किंवा गुंतवणूक या कलमाच्या आधारे दुसऱ्याला देता येत नाही.

मालकीविषयीचे इतर वाद कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ नुसार कुटुंब न्यायालयापुढे नेता येतात. हे कलम न्यायालयाला अधिकारक्षेत्र देते, नवा हक्क देत नाही. दावा करणाऱ्याला मालकी सर्वसाधारण मालमत्ता कायद्यानेच सिद्ध करावी लागते.

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत मुस्लिम स्त्री (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ नुसार मेहेरची रक्कम तसेच विवाहापूर्वी, विवाहसमयी वा नंतर तिला नातेवाइकांनी, पतीने किंवा त्याच्या आप्तांनी दिलेली मालमत्ता परत मिळते. डॅनियल लतीफी प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इद्दतच्या मुदतीत पतीने करावयाची 'वाजवी व न्याय्य तरतूद' पत्नीच्या पुढील आयुष्याचा विचार करून केली पाहिजे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये कायमस्वरूपी पोटगीची तरतूद कलम ३७ मध्ये आहे. पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ मध्ये सामाईक भेटवस्तूंविषयी हिंदू कायद्याशी मिळतीजुळती तरतूद आढळते.

स्त्रीधन

विवाहापूर्वी, विवाहात किंवा नंतर स्त्रीला मिळालेले दागिने, रोख रक्कम, भांडी, वस्त्रे व इतर भेटी यांना स्त्रीधन म्हणतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक असते. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (१९८५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्त्रीधन पतीच्या किंवा सासरच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते. परत न केल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ खाली शिक्षापात्र असलेला हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाल्यानंतरही पत्नी कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखाली स्त्रीधन मागू शकते.

व्यवहारात अडचण हक्काची नसून पुराव्याची असते. लग्नातील सोन्याच्या पावत्या माहेरी वडिलांच्या नावाने असतात किंवा नसतातच, पाटल्या-बांगड्या मोडून नवे दागिने केलेले असतात, आणि लॉकर पतीच्या नावावर असतो. लग्नाची छायाचित्रे, आहेराची वही, सोनाराची बिले आणि मोडीच्या नोंदी यांनाच मग महत्त्व येते.

राहते घर

बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांत घर हीच सर्वांत मोठी मालमत्ता असल्याने वादही त्यावरच केंद्रित होतो. यात मालकी आणि निवास हे दोन प्रश्न वेगळे समजून घ्यावे लागतात.

निवासाचा हक्क कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ व १९ मधून येतो. पत्नी ज्या 'सामाईक घरात' राहत होती तेथून तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही. सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने (बत्रा प्रकरण, २००६) सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर या व्याख्येतून वगळले होते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालाने ती भूमिका बदलली आणि घर सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचे असले तरी ते सामाईक घर ठरू शकते असे मान्य केले. हा हक्क राहण्याचा आहे. त्यातून मालकी मिळत नाही आणि तो विकताही येत नाही.

मालकीच्या बाबतीत खरेदीखतावरील नावे निर्णायक ठरतात. सदनिका दोघांच्या नावावर असेल तर दोघेही सहमालक असतात. हप्ते एकानेच भरले असल्यास दुसऱ्याचे नाव 'नावापुरते' होते असा युक्तिवाद केला जातो, परंतु तो सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असते. पतीने ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याने बेनामी मानली जात नाही, हा मुद्दाही येथे उपस्थित होतो.

गृहकर्जाचे स्वरूप वेगळे आहे. दोघे सहकर्जदार असतील तर घटस्फोटाचा हुकूमनामा कर्ज देणाऱ्या बँकेवर बंधनकारक नसतो, कारण बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. 'यापुढे हप्ते पती भरेल' असे न्यायालयात लिहून दिले तरी पतीने हप्ते थकविल्यास बँक पत्नीकडे वसुली मागू शकते. म्हणून जाणकार वकील कर्ज फेडून किंवा ते एकाच्या नावे करून घेऊन मगच हक्कसोडपत्र करण्याचा आग्रह धरतात. महाराष्ट्रात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. राहते घर पती, पत्नी किंवा मुले यांना बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये इतके नाममात्र आहे. ही सवलत नात्यावर आधारलेली असल्याने घटस्फोटाचा हुकूमनामा होण्याआधी असे बक्षीसपत्र करणे आणि नंतर करणे यांत लक्षावधी रुपयांचा फरक पडू शकतो.

निवृत्तीची पुंजी

नोकरदार कुटुंबात घराखालोखाल मोठी रक्कम भविष्य निर्वाह निधी, उपदान, निवृत्तिवेतन, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली यांत असते. पुष्कळदा ती घराच्या किमतीहूनही अधिक भरते. घटस्फोटात या पुंजीची विभागणी कशी करावी याविषयी भारतीय कायद्यात कोणतीही तरतूद नाही. इंग्लंड किंवा अमेरिकेप्रमाणे न्यायालय निधी चालविणाऱ्या संस्थेला 'यातील अमुक हिस्सा माजी पत्नीच्या खात्यात वळवा' असा आदेश देईल अशी यंत्रणा येथे अस्तित्वात नाही.

उलट कायद्याचा कल या रकमा इतरांच्या हाती जाऊ न देण्याकडे आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ च्या कलम १० नुसार सदस्याच्या खात्यातील रक्कम हस्तांतरित करता येत नाही, तिच्यावर बोजा चढविता येत नाही आणि सदस्याच्या ऋणासाठी न्यायालयाच्या हुकमानेही ती जप्त होत नाही. उपदान प्रदान अधिनियम, १९७२ चे कलम १३, निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ चे कलम ११ आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजनेचे नियम अशाच प्रकारचे संरक्षण देतात. (भविष्य निर्वाह निधी व उपदानविषयक तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र करण्यात आल्या.) २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या कर्जवसुलीच्या एका प्रकरणात असे म्हटले की, निवृत्तिवेतन व उपदान यांची रक्कम हातात येऊन मुदत ठेवीत गुंतविली गेली तरी तिचे संरक्षित स्वरूप नाहीसे होत नाही. या संरक्षणाचा मूळ हेतू कामगाराचे म्हातारपण सावकारापासून वाचविणे हा होता. घटस्फोटात त्याच भिंतीआड दुसऱ्या एका व्यक्तीचे म्हातारपण बाहेर राहते, हा विचार ते कायदे करताना झालेला दिसत नाही.

पोटगीच्या वसुलीत मात्र ही भिंत काहीशी खचते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये हा भेद स्पष्ट आहे. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. निर्वाहाच्या हुकूमनाम्यात केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो, म्हणजेच दोन तृतीयांशांपर्यंत पगारावर टाच आणता येते. निवृत्तिवेतनाबाबतही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्णय दिला आहे की, १८७१ च्या कायद्यातील संरक्षण पत्नीच्या निर्वाह खर्चाविरुद्ध ढाल म्हणून वापरता येत नाही. पत्नी ही सावकार नव्हे, हे या भूमिकेमागील तत्त्व आहे.

निधीची वाटणी होत नसली तरी पोटगी ठरविताना तो हिशेबात धरला जातो. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या पतीच्या खात्यात मोठी रक्कम असेल तर न्यायालय ती त्याच्या आर्थिक क्षमतेचा भाग मानून एकरकमी पोटगी वाढवू शकते. निवृत्तीनंतर याची दुसरी बाजू समोर येते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५(२) नुसार परिस्थितीत बदल झाल्यास पोटगीचा आदेश बदलता येतो, आणि पगार थांबून निवृत्तिवेतन सुरू होणे हे पोटगी कमी करून मागण्याचे नेहमीचे कारण आहे. ज्या वयात घटस्फोटित स्त्रीला औषधपाण्याचा खर्च वाढू लागतो, नेमक्या त्याच वयात तिची मासिक रक्कम घटण्याचा धोका निर्माण होतो.

कुटुंब निवृत्तिवेतन हा यातील सर्वांत अनपेक्षित तोटा म्हणावा लागेल. केंद्र सरकारच्या नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांनुसार कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला किंवा विधुराला निवृत्तिवेतन मिळते. घटस्फोट झालेली पत्नी विधवा ठरत नाही, त्यामुळे तीस वर्षे संसार करून त्यानंतर घटस्फोट झालेल्या स्त्रीचा हा हक्क संपतो. पतीने पुनर्विवाह केला असल्यास तो दुसऱ्या पत्नीकडे जातो. केवळ न्यायिक विभक्तता असेल तर विवाह टिकून असल्याने स्थिती वेगळी असते. वयस्कर जोडपी कधी कधी घटस्फोटाऐवजी विभक्तता पसंत करतात त्यामागे हे एक कारण असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने महिला कर्मचाऱ्यांना उलट दिशेने एक सवलत दिली. घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार प्रलंबित असल्यास त्या पतीऐवजी आपल्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अग्रक्रम देऊ शकतात.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज आहेत. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः रक्कम स्वीकारण्यास पात्र असते, तिची मालक नव्हे. विमा पॉलिसीबाबत हे सरबती देवी प्रकरणात (१९८४) आणि शेअर व रोख्यांबाबत शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर (२०२३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. घटस्फोट झाला म्हणून बँक, म्युच्युअल फंड किंवा निधी कार्यालयातील जुनी नोंद आपोआप बदलत नाही. ती बदलायची राहून गेल्यामुळे माजी पत्नी आणि आई किंवा दुसरी पत्नी यांच्यात पुढे वाद उद्भवतात.

पोटगी आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र

वाटणीची जागा भारतात पोटगीने घेतली आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ मध्ये दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि कलम २५ मध्ये कायमस्वरूपी पोटगीची तरतूद आहे. दोन्ही कलमांखाली पती किंवा पत्नी कोणीही अर्ज करू शकते. कायमस्वरूपी पोटगी मासिक किंवा एकरकमी असू शकते आणि आवश्यक वाटल्यास न्यायालय ती देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर तिचा बोजा चढवू शकते. पतीने घर विकून रक्कम इतरत्र वळविण्याची भीती असेल तेव्हा हा बोजा फार उपयोगी पडतो, तरी अर्जात तो मागितला जात नाही असे पुष्कळदा घडते.

नागपूर येथील कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक झाले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरले. बँक खाती, ठेवी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, शेअर, स्थावर मालमत्ता आणि कर्जे हे सर्व त्यात नमूद करावे लागते. पतीची मिळकत नेमकी किती हे पत्नीला ठाऊकच नाही, अशी परिस्थिती सर्रास असल्याने या प्रतिज्ञापत्राचे महत्त्व मोठे आहे.

रकमेचे सूत्र कायद्यात नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी मानली आणि तो आकडा पुढे वारंवार उद्धृत केला जातो, परंतु तो नियम नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी रुपये एकरकमी पोटगी देताना दोघांची सामाजिक-आर्थिक स्थिती, पात्रता, नोकरीचा त्याग, राहणीमान, जबाबदाऱ्या आदी बाबींची यादी पुन्हा मांडली. त्याच महिन्यातील दुसऱ्या प्रकरणात १२ कोटी रुपये मंजूर करताना मात्र, पोटगी ही दोघांची संपत्ती समान करण्याचे साधन नाही, असा स्पष्ट इशारा दिला. पोटगी गरज आणि प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांवर आधारलेली आहे, संपत्ती निर्माण करण्यातील सहभागावर नाही, हा भारतीय भूमिकेचा गाभा या निकालात दिसतो.

संमतीचा घटस्फोट

प्रत्यक्षात मालमत्तेची खरी वाटणी संमतीच्या घटस्फोटात होते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ब खाली दोघे मिळून अर्ज करतात आणि सोबत संमतीच्या अटी दाखल करतात. घर कोणाकडे, सोने कोणाकडे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा, पोटगी किती हप्त्यांत, हे सर्व त्यात लिहिता येते. न्यायालय जे देऊ शकले नसते तेही पक्ष परस्परांना देऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीचे हस्तांतरण करता येत नसल्याने अशा अटींत निधीऐवजी तेवढ्या मूल्याची दुसरी मालमत्ता किंवा रोख रक्कम ठरविली जाते. निवृत्तीनंतर देण्याचे नुसते आश्वासन स्वीकारल्यास वसुलीचा धोका पत्नीवर राहतो.

विवाहपूर्व करारांना मात्र गोव्याबाहेर फारसा आधार नाही. हिंदू विवाह परंपरेने संस्कार मानला जात असल्याने विभक्त होण्याच्या अटी आधीच ठरविणारे करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली निरर्थक ठरण्याची शक्यता असते.

गोव्यातील व्यवस्था

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर घटस्फोट आणि नागरी विवाह यांविषयीचे कायदे झाले आणि तेही येथे आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ च्या गोवा, दमण व दीव (प्रशासन) अधिनियमाने तत्कालीन कायदे चालू ठेवले. त्यामुळे हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा सर्व गोमंतकीयांना विवाहातील मालमत्तेबाबत मुख्यतः एकच कायदा लागू होतो.

या संहितेत विवाहापूर्वी चार पर्यायांतून एक निवडता येतो: संपूर्ण सामाईक मालकी, केवळ विवाहानंतर मिळविलेल्या मालमत्तेची सामाईक मालकी, पूर्णतः स्वतंत्र मालकी, आणि हुंडा-मालमत्तेची वेगळी पद्धत. निवड विवाहाआधी नोंदणीकृत करारानेच करावी लागते आणि नंतर ती बदलता येत नाही. असा करार बहुतेक जोडपी करीत नाहीत. मग संपूर्ण सामाईक मालकी आपोआप लागू होते: विवाहापूर्वीची, विवाहानंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली, अशी जवळजवळ सर्व मालमत्ता दोघांची होते आणि प्रत्येकजण निम्म्याचा धनी ठरतो. देणगी किंवा मृत्युपत्र करणाऱ्याने 'सामाईक होऊ नये' अशी अट घातलेली मालमत्ता यातून वगळली जाते. स्थावर मालमत्ता विकण्यास दोघांची संमती लागते. म्हणूनच गोव्यातील खरेदीखतांवर पती आणि पत्नी दोघांच्याही सह्या असतात. एक गमतीची बाब म्हणजे खुद्द पोर्तुगालने १९६६ च्या नव्या नागरी संहितेत हा मूळ नियम बदलून फक्त विवाहानंतर मिळविलेल्या मालमत्तेपुरती सामाईक मालकी स्वीकारली. जुनी व्यवस्था गोव्यात टिकून आहे.

घटस्फोटानंतर ही निम्मी मालकी प्रत्यक्ष वेगळी करण्यासाठी 'इन्व्हेंटरी' ही न्यायालयीन कार्यवाही होते. तीत मालमत्ता व कर्जे यांची सूची आणि मूल्यांकन करून वाटप केले जाते. तिचे नियमन आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ ने होते. हा कायदा २०१६ मध्ये अमलात आला.

एका कल्पित उदाहरणाने फरक लक्षात येईल. पतीच्या नावावर ८० लाखांची सदनिका, त्याला वडिलांकडून मिळालेली ३० लाखांची जमीन, दोघांच्या नावावर समान हिश्शाची १० लाखांची ठेव आणि २० लाखांचे सामाईक कर्ज आहे असे समजू. पुण्यातील हिंदू जोडप्यात पत्नीचा मालकीहक्क स्त्रीधनाव्यतिरिक्त ठेवीतील ५ लाखांपुरता असेल. बाकी सर्व पोटगी किती मिळते यावर अवलंबून राहील. मडगावातील संपूर्ण सामाईक मालकीच्या जोडप्यात एकूण १ कोटी २० लाखांतून कर्ज वजा जाऊन १ कोटी उरतील आणि पत्नीचा हिस्सा ५० लाखांचा असेल. तो तिला गरज आहे की नाही, दोष कोणाचा, याचा विचार न करता मालक म्हणून मिळेल. कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त असेल तर अर्थातच तोटाही वाटून घ्यावा लागतो.

गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर असेल तर कोणता कायदा लागू होतो, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जोसे पावलो कुतिन्हो प्रकरणात (२०१९) उत्तर दिले. वारशाच्या त्या वादात, गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतातील इतर मालमत्तेलाही ही संहिता लागू होते असे ठरले. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोवा यांच्यात सोयरिकी सर्रास होत असल्याने अधिवास कोठला हा प्रश्न या भागात केवळ पुस्तकी राहत नाही.

करआकारणी

एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची प्राप्ती असल्याने उत्पन्न म्हणून करपात्र नाही, तर मासिक पोटगी करपात्र उत्पन्न आहे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातील एका निकालात घेतली आणि ती सामान्यतः मानली जाते. गोव्यासाठी आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ५अ घालण्यात आले. पगाराखेरीज इतर उत्पन्न पती-पत्नींत निम्मे-निम्मे विभागून आकारले जाते. पगार मात्र तो मिळविणाऱ्याच्याच नावे धरला जातो.

सुधारणेचे प्रयत्न

विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० मध्ये विवाह पूर्णतः मोडकळीस येणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून सुचविण्यात आले होते. पुढे त्यात पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद जोडण्यात आली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते संमत केले, परंतु लोकसभेत मंजुरी मिळण्यापूर्वीच २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. वाटा किती असावा हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडल्याबद्दल स्त्री संघटनांनी, आणि तरतूद एकतर्फी असल्याबद्दल पुरुष हक्क संघटनांनी त्यावर टीका केली होती. निवृत्तीच्या निधीचा विचार या चर्चेत फारसा झाला नाही.

न्यायालयांनी गृहिणीच्या श्रमाचे मूल्य इतर संदर्भांत मान्य केले आहे. रस्ते अपघाताच्या भरपाईत गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचे योगदान समान असल्याचे मानून तिला निम्मा हिस्सा दिला. तो घटस्फोटाचा दावा नव्हता.

परदेशातील व्यवस्था आणि अनिवासी भारतीय

इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्याने न्यायालयाला वाटणीचे व्यापक अधिकार दिले असून १ डिसेंबर २००० पासून निवृत्तिवेतनाची विभागणी करता येते. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास आदी नऊ राज्यांत सामाईक मालमत्तेची पद्धत आहे, इतर राज्यांत न्याय्य वाटपाची. तेथे खासगी निवृत्ती योजनांतील हिस्सा १९८४ च्या कायद्याने निर्माण केलेल्या विशेष न्यायालयीन आदेशाद्वारे थेट माजी जोडीदाराला मिळतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एका जोडीदाराचा निवृत्ती निधी तेथे, आणि सदनिका पुण्यात किंवा ठाण्यात, अशी स्थिती नेहमी आढळते. परदेशी न्यायालयाचा हुकूम भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोटीवर तपासला जातो. वाय. नरसिंह राव प्रकरणात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्यास मान्य नसलेल्या कारणावर दिलेला किंवा दुसऱ्या पक्षाने अधिकारक्षेत्र न स्वीकारता झालेला घटस्फोट येथे मान्य होणार नाही. भारतातील स्थावर मालमत्तेच्या मालकीचा दावा ती मालमत्ता जेथे आहे तेथील न्यायालयातच चालवावा लागतो. त्यामुळे तिकडचा निधी विभागला गेला तरी इकडच्या घराचा प्रश्न स्वतंत्रपणे, आणि बहुधा कित्येक वर्षे, चालू राहतो.